आमची वाटचाल: ‘पित्त उठलं’पासून पुढे

२०१५ साली सिंहगड रोडवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघांनी काम सुरू केलं, तेव्हा नातेवाइकांना आमचा धंदा समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. ‘कोडिंग करतो’ म्हटलं की लोकांना सॉफ्टवेअर वाटायचं. आमचं कोडिंग वेगळं. औषध घेतल्यावर काय त्रास झाला हे डॉक्टर, नर्स किंवा खुद्द रुग्ण आपापल्या शब्दांत सांगतो. त्या सांगण्याला आम्ही व्हर्बेटिम म्हणतो. प्रत्येक व्हर्बेटिमला मेड्रा या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रहातली नेमकी टर्म आणि तिचा आठ अंकी कोड जोडायचा, हे आमचं काम. अमुक औषधाने किती जणांना पुरळ आलं, किती जणांच्या लिव्हरवर परिणाम झाला, ही मोजणी कंपन्या आणि सरकारी नियामक या कोडांवरूनच करतात.

मी बी.फार्म. झालेली. त्याआधी नऊ वर्षं एका औषध कंपनीच्या ड्रग सेफ्टी विभागात नोकरी केली होती. मेड्राची वर्गणी कंपनीच्या उलाढालीवर ठरते, म्हणून आमच्यासारख्या छोट्या फर्मला ती परवडली. नाहीतर ही गोष्ट सुरूच झाली नसती. पहिली दोन वर्षं लहान कंपन्यांच्या क्लिनिकल ट्रायल्सचा डेटा यायचा, आम्ही तिघं कोड करायचो आणि रात्री एकमेकांचं काम तपासायचो. माणसं वाढली तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली.

आम्ही बी.फार्म., बी.एच.एम.एस., बी.डी.एस. झालेली हुशार मुलं घेतली. तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं: मेड्राच्या पाच पायऱ्या, सर्वांत खाली ७० हजारांहून जास्त एलएलटी, म्हणजे सर्वांत बारीक टर्म्स, सर्वांत वर अवयवसंस्थांचे गट. (तेव्हा नुकताच, २०१६ च्या मार्चमध्ये, उत्पादनातल्या दोषांसाठी सत्ताविसावा गट आला होता. गोळी फुटलेली निघाली, बाटलीचं झाकण सैल होतं, अशा तक्रारींना त्यामुळे हक्काचं घर मिळालं.) शेवटी परीक्षा घेतली, सगळे नव्वदच्या पुढे. आम्ही निर्धास्त झालो.

महिनाभरात एका क्लायंटचा फोन आला. ‘छातीत दुखणे, घाम येणे’ एवढंच लिहिलेल्या रिपोर्टला आमच्याकडून हार्ट अटॅकचा कोड गेला होता. असे एक नाही, चार रिपोर्ट. करणारी मुलगी होमिओपॅथीची डॉक्टर, मन लावून काम करणारी. मी विचारलं तर म्हणाली, “मॅडम, लक्षणं वाचून निदान समोरच दिसत होतं.” कॉलेजात तिला साडेचार वर्षं हेच तर शिकवलं होतं. आमच्या कामाचा पहिला नियम मात्र उलटा आहे: सांगणाऱ्याने सांगितलं त्यात भर घालायची नाही आणि त्यातलं काही गाळायचंही नाही. त्याने ‘हार्ट अटॅक असावा’ असं लिहिलं तर संशयित निदानही घ्यायचं आणि लक्षणंही घ्यायची. पक्कं निदान दिलं असेल तर त्यात येणारी लक्षणं वेगळी कोड करायची गरज नाही. निदानाचं नावच नसेल तर ते आपण लावायचं नाही. हा नियम तिला परीक्षेत आला होता, हाताला वळण मात्र नव्हतं. ते काम आम्ही फुकट परत करून दिलं. क्लायंट टिकला, पण पुढचे दोन महिने दर सोमवारी मला त्यांना खुलासे द्यावे लागले.

त्यानंतर आम्ही पद्धतच बदलली. नवा माणूस आला की पहिले तीन आठवडे त्याला लॉगिनच द्यायचं नाही. जुन्या कोडरच्या शेजारी खुर्ची टाकायची, दोघांत एक स्क्रीन. नव्याने व्हर्बेटिम मोठ्याने वाचायचं, कोणती टर्म घेणार ते सांगायचं आणि का तेही सांगायचं. जुन्याने लगेच ‘चूक’ म्हणायचं नाही, आधी प्रश्न विचारायचा.

एक प्रसंग माझ्यासमोरचा. स्क्रीनवर होतं, ‘ग्लुकोज ४०’. मुलगा झटकन म्हणाला, “हायपोग्लायसेमिया.” शेजारी लातूरकडच्या एक नर्सताई होत्या, दहा वर्षं वॉर्डात काढून आमच्याकडे आलेल्या. त्या म्हणाल्या, “चाळीस काय?” तो गोंधळला. “चाळीस मिलिग्रॅम असेल तर साखर फार कमी. पण काही देशांत साखर मिलिमोलमध्ये मोजतात, तिथे चाळीस म्हणजे पेशंट आयसीयूत. एकक लिहिलंय का?” लिहिलेलं नव्हतं. “मग?” “क्वेरी टाकायची, ताई.” “आणि उत्तर नाहीच आलं तर?” त्याने विचार केला आणि ‘ग्लुकोज ॲबनॉर्मल’ ही टर्म शोधून काढली. ताईंनी आणखी एक गोष्ट दाखवली: एकक दिलेलं असतं तरी ‘ग्लुकोज कमी’ हीच टर्म घ्यायची, कारण समोर आहे तो लॅबचा आकडा, डॉक्टरांनी दिलेलं निदान नव्हे. मी ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्यांना हाच मुद्दा स्लाइडवर दाखवला होता. पण त्या मुलाला तो कळला त्या खुर्चीवर बसल्यावरच.

त्याच दिवसापासून आम्ही कारणांची वही सुरू केली. अडलेलं प्रत्येक व्हर्बेटिम, निवडलेली टर्म, सोडलेली टर्म आणि का. ‘एमआय’ हे संक्षिप्त रूप त्यात अनेकदा आलंय. मायोकार्डियल इन्फार्क्शन (हार्ट अटॅक) की मायट्रल इन्कॉम्पिटन्स (हृदयाची झडप नीट न मिटणं), हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘डिस्चार्ज’ म्हणजे जखमेतला स्राव की हॉस्पिटलमधून घरी सोडणं? ‘कोल्ड’ म्हणजे सर्दी की थंडी वाजणं? आपोआप टर्म जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला, ऑटो एन्कोडरला, अक्षरं जुळली की पुरे असतं, म्हणून त्याने लावलेल्या टर्म्सवरही आमची माणसं नजर टाकतात.

एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती पैशांची होती. आमच्याकडे इन्सेन्टिव्ह दिवसाला किती टर्म्स कोड केल्या यावर होता. नवा माणूस शेजारी बसवला की जुन्याचा आकडा निम्म्यावर यायचा. वर्षभर ताई गप्प राहिल्या, मग एकदा सरळ म्हणाल्या, “मॅडम, शिकवते त्या महिन्यात माझा ईएमआय अवघड जातो.” मला फार वाईट वाटलं. ज्या कामावर फर्म उभी होती त्याचाच दंड मी त्यांना भरायला लावत होते. पुढच्याच महिन्यापासून शिकवणाऱ्याचं टार्गेट अर्धं केलं, शिकवण्याचा भत्ता वेगळा लावला, आणि त्या नव्या माणसाच्या पुढच्या सहा महिन्यांच्या क्यूसीवर, म्हणजे कामाच्या तपासणीवर, शिकवणाऱ्याला बोनस ठेवला. त्या वर्षी नफा कमी झाला. पण परत येणारं काम जवळजवळ थांबलं.

मग २०१९ मध्ये एका कंपनीने आम्हाला रुग्णांच्या फोनवरच्या तक्रारी दिल्या. बहुतेक फोन मराठीतून. कॉल घेणारी मुलं ते इंग्रजीत लिहायची आणि आम्ही इंग्रजीवरून कोड करायचो. मेड्रा बऱ्याच भाषांत आहे, मराठीत नाही. एक दिवस एक ज्युनिअर मुलगी माझ्याकडे आली. तिने नियमाप्रमाणे मूळ रेकॉर्डिंग ऐकलं होतं. नोंदीत लिहिलं होतं ‘ॲसिडिटी’, आणि रेकॉर्डिंगमध्ये बाई म्हणत होत्या, “गोळी घेतली आणि तासाभरात अंगभर पित्त उठलं हो.” पित्त झालं म्हणजे जळजळ, आंबट ढेकर. पित्त उठलं म्हणजे अंगावर गांधी, अर्टिकेरिया. एका क्रियापदाने त्रास पोटातून कातडीवर जातो. अंगावर गांधी उठणं ही औषधाच्या ॲलर्जीची खूण असू शकते, आणि ती पचनाच्या गटात पुरली गेली असती तर मोजणीत कुणाला दिसलीच नसती. आम्ही मागची सगळी रेकॉर्डिंग्ज काढून ऐकली. अशाच आणखी तीन निघाल्या. कंपनीला लगेच कळवलं, आणि त्यांनीही ते नीट घेतलं.

तेव्हापासून वहीत मराठी पानं आली. ‘चक्कर आली’ म्हणजे डोकं हलकं झालं, घर फिरलं की शुद्ध हरपली? ‘अंगावर जातंय’ म्हणजे पांढरं की लाल? कॉल घेणाऱ्या मुलांनाही आम्ही हे प्रश्न लिहून दिले. या पानांना सर्वांत जास्त शब्द ताईंनी दिलेत, वॉर्डातल्या आठवणीतून. सरकारी औषध-सतर्कता कार्यक्रमात रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो, तेव्हा असे शब्द आमच्याकडेच येतात असं नाही.

कोविडमध्ये सगळे घरी गेले आणि शेजारची खुर्ची गेली. मेड्रात दर मार्च आणि सप्टेंबरला नवी आवृत्ती येते, पण २०२० मध्ये कोविडच्या टर्म्स मार्चच्या आवृत्तीत मागाहून घालाव्या लागल्या, इतकी घाई होती. स्क्रीन शेअर करून शिकवलं, पण मोठ्याने वाचणं बंद पडलं. माणसं म्यूटवर विचार करायची. क्यूसीतल्या चुका वाढल्या. परवानगी मिळताच नव्यांना आणि त्यांच्या शिकवणाऱ्यांना आधी ऑफिसला बोलावलं, बाकीचे घरूनच राहिले. आजही तसंच आहे.

शिकलेली मुलं मोठ्या कंपन्या घेऊन जातात. त्यांचा पगार आम्ही देऊ शकत नाही. सुरुवातीला मी रागवायचे, बाँडचा विचारही केला होता. ताईंनीच तो सोडायला लावला. ज्याला जायचंच आहे तो बाँडमध्ये अडकून मन लावून वाचणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या आणि आता शिकवतात.

सध्या आम्ही एकोणीस जण आहोत, वहीचा सहावा भाग चालू आहे. सोमवारी दोन नव्या मुली येतायत, एक फार्मसीची, एक नर्सिंगची. त्यांच्यासाठी पहिलं व्हर्बेटिम ताईंनी आजच काढून ठेवलंय: ‘गोळी घेतली की घाबरल्यासारखं होतं.’