बैठकीच्या खोलीतल्या 64 ओळी

बैठकीच्या खोलीत लाकडी जमीन बसवायची म्हणून कार्पेट उचकटलं आणि आधीच्या घरमालकांच्या कुत्र्याचा वास घरभर पसरला. खाली प्लायवूड आणि त्यात ठोकलेल्या शेकडो स्टेपल. लेक पकड घेऊन दोन संध्याकाळी त्याच उपटत बसली होती. डेट्रॉइटजवळच्या या घरात आम्ही नऊ वर्षं त्या कार्पेटवर पाय ठेवत होतो, म्हणजे बघा!

ओकच्या फळ्या आठवडाभर आधीच येऊन पडल्या होत्या. पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद. खोकी उघडून त्या त्याच खोलीत ठेवायच्या, म्हणजे लाकडाला घरातल्या हवेची सवय होते. तोवर सोफा स्वयंपाकघरात. आठवडाभर मी कणीक मळायची आणि शेजारी नवरा लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगमध्ये.

बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. पहिली ओळ सरळ यावी म्हणून नवऱ्याने निळ्या खडूची दोरी ताणून टिचकी मारली, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "अरे, हे तर सूत मारणं! आमचे सुतार काव लावायचे." तिथून पुढे मुकादम तेच. गुण्या लावून त्यांनी सांगितलं, खोलीचा कोपरा काटकोनात नाही. नवरा म्हणाला, चालतंय. (नाही चाललं. शेवटची ओळ एका टोकाला अर्धा इंच निमुळती कापावी लागली.)

खिळे मारायचं यंत्र भाड्याने आणलं होतं. फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ. यंत्र जिभेवर टेकवून वर जड हातोडा हाणायचा. त्या दणक्याने फळी मागच्या फळीला घट्ट भिडते आणि कॉम्प्रेसरच्या हवेने खिळा तिरका आत जातो. पुढची फळी बसली की तो दिसतही नाही. चौदा वर्षांच्या चिरंजीवांना हे काम इतकं आवडलं, की फोन दिवसभर जिन्यावर पडून होता. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला भाताचा चमचा उचलवेना.

माझ्याकडे फळ्या मांडायचं काम. शेजारशेजारच्या ओळींतले सांधे एकमेकांपासून निदान सहा इंच तरी दूर हवेत. हे मी रांगोळीच्या ठिपक्यांसारखं मन लावून करत होते, आणि बाबा मागून, "ती गडद पट्टी इकडे घे."

भिंतीकडेने पाऊण इंच फट सोडली, तेव्हा बाबांना वाटलं आमचं माप चुकलं. लाकूड उन्हाळ्यात फुगतं, त्याला जागा लागते, हे त्यांना पटलं. पण पट्टी मारून फट झाकेपर्यंत चैन नाही.

ते नोव्हेंबरात परतले. जानेवारीत घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या कोरड्या हवेने फळ्या आक्रसल्या आणि दारापाशी पोस्टकार्ड जाईल एवढी चीर पडली. व्हिडिओ कॉलवर दाखवली.

"ह्युमिडिफायरमध्ये पाणी आहे का?" बाबांनी विचारलं.

नव्हतं.