आमची वाटचाल: कमानपाट्यांपासून क्लबच्या संध्याकाळपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी वर्कशॉप सुरू केलं ते कमानपाट्यांच्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या बाकदार पोलादी पाट्यांच्या कामावर. उसाचा हंगाम लागला की दारात ट्रकांची रांग. कुणाचा मेन पाटा तुटलेला, कुणाचा सेंटर बोल्ट कातरलेला, कुणाचे पाटे सपाट बसलेले. ईएन-४५ पोलादाचा पाटा भट्टीत लाल करायचा, बाक द्यायचा, तेलात विझवायचा आणि पुन्हा बेतानं तापवून ठिसूळपणा काढायचा. ही शेवटची पायरी वडील कुणालाही गाळू देत नसत. गाडी किती माल वाहते आणि कुठल्या रस्त्यानं जाते, हे विचारल्याशिवाय ते कामाला हात घालत नसत. आमचा धंदा आजही त्याच प्रश्नावर उभा आहे.

पुढे अॅम्बेसेडर आणि जुन्या जीप कमी झाल्या, कॉइल स्प्रिंग (तारेच्या वेढ्यांची स्प्रिंग) आणि मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाड्या वाढल्या. भट्टीचं काम उतरलं. मी कर्ज काढून चाकांची दिशा जुळवण्याचं अलाइनमेंटचं मशीन घेतलं, बुश (सांध्यांतले रबर), बॉल जॉइंट, शॉकअप यांची कामं सुरू केली. ती वर्षं ओढाताणीची होती, पण मिस्त्री मंडळी सोडून गेली नाहीत, हे मी विसरणार नाही.

मग आला इथला कार क्लब. रविवारी सकाळी गगनबावड्याकडे जाणारी, गाडीवर मनापासून जीव असलेली मुलं-मुली. त्यांची मागणी एकच असायची: ‘दादा, गाडी खाली घ्या आणि कडक करा’, म्हणजे उंची कमी करून स्प्रिंग कडक करा. मी म्हटलं, आधी एक संध्याकाळ सगळ्यांनी वर्कशॉपमध्ये बसा, सस्पेन्शन, म्हणजे गाडीला चाकांवर तोलणारी स्प्रिंग-शॉकअपची रचना समजून घ्या, मग काम सांगा. त्या बैठकीची आता परंपरा झाली आहे, आणि वर्कशॉपच्या प्रवासातला मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे.

सुरुवातीला आम्ही टेबलावर दोन स्प्रिंगा ठेवतो. वेढ्यांचा व्यास तोच, वेढे तेवढेच, फक्त एकीची तार १२ मिलिमीटर आणि दुसरीची १३. हाताला फरक कळत नाही. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे एका मिलिमीटरनं जवळपास ३८ टक्के. हा आकडा फळ्यावर मांडला की खोली शांत होते. वेढा कापून गाडी खाली घेण्याचंही तसंच. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते आणि वर चाकाला उचलायला जागाही कमी उरते. खड्ड्यात बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरावर) आदळणारी गाडी वळणात धरून राहत नाही, कारण टायर रस्ता सोडतो.

लिफ्टवर घेतलेल्या गाडीखाली खरी गर्दी होते. मॅकफर्सनची गाडी फार खाली घेतली की चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा आर्म उलट्या बाजूला कलतो. वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते, तो रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातो. दोन्हींतलं अंतर वाढतं आणि खाली घेतलेली गाडी वळणात अधिक झुकू पाहते. मग ते झुकणं थांबवायला आणखी कडक स्प्रिंग, त्यातून आणखी त्रास. एका ताईंनी हे ऐकून ठरवलेलं काम तिथंच थांबवलं, नवे बुश आणि चांगले शॉकअप बसवले. त्यांची गाडी आज घाटात सुरेख चालते.

शॉकअपबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. वजन पेलते ती स्प्रिंग, शॉकअप फक्त हालचालीला आवर घालतो आणि तिची उष्णता करून टाकतो. रिबाउंड, म्हणजे उसळून परतण्याला घातलेला आवर, फार वाढवला की एकामागून एक खड्डे लागल्यावर स्प्रिंगला पुन्हा लांब व्हायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. आपल्याकडच्या पावसाळी रस्त्यांवर हे हमखास दिसतं. म्हणून अॅडजस्टेबल शॉकअपचा नॉब पूर्ण बंद करायचा, तिथून क्लिक मोजायचे, वहीत लिहायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशानं पडला, कुणालाच सांगता येत नाही.

कायद्याचंही आम्ही स्पष्ट बोलतो. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडतात. त्यामुळे तशी कामं आम्ही नाकारतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

या संध्याकाळींमुळे आमचं कामच बदललं. आता गिऱ्हाईक येतं ते ‘पुढची डावी बाजू उशिरा सावरते’, ‘टायर आतून कापतोय’ असं नेमकं सांगत. मिस्त्रींनाही त्यात आनंद वाटतो, कारण निदान अर्धं झालेलं असतं. भट्टी आम्ही बंद केलेली नाही. बोलेरो आणि मालवाहू पिकअप मागच्या बाजूला अजून पाट्यांवरच चालतात, आणि ते काम करणारा हात कोल्हापुरात टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या बैठकीत चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून गाडी तोलायची आहे. येणाऱ्यांनी टायर थंड असताना हवा तपासून आकडा लिहून आणावा, टाकी अर्धी भरलेली असावी, आणि डिकीत रोज जे सामान असतं ते तसंच राहू द्यावं.