काळू पुन्हा गुरगुरला

"कुत्रा न सांगता चावतो" ही तक्रार कुत्र्यांना शिकवण्याच्या कामात मी सतत ऐकतो आणि ती खरी निघण्याची वेळ क्वचितच येते. काळूच्या बाबतीत ती जवळजवळ खरी होती, म्हणून ही केस अजून डोक्यातून जात नाही.

अंदाजे चार वर्षांचा, शेल्टरमधून दत्तक घेतलेला कुत्रा. कागदावर स्वभावाच्या रकान्यात एकच शब्द, 'फ्रेंडली'. भीतीने गोठलेला कुत्राही पिंजऱ्यात गप्पच बसतो आणि बघणाऱ्याला तो शांत वाटतो. नव्या घरात दोन-तीन आठवडे गेले, जरा जीव स्थिरावला, की मग खरं काय ते दिसायला लागतं. शेल्टरवाल्यांनी हे कुटुंबाला आधीच सांगायला हवं, पण बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत.

चावण्याआधी कुत्रा बरंच काही सांगतो. तोंड फिरवतो, खाणं समोर नसताना ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं, मग गुरगुर, मग दात, मग हवेतला चावा. काळूच्या या मधल्या पायऱ्याच गायब होत्या. अंग ताठ होणं आणि दात लागणं यात जेमतेम सेकंदभराचं अंतर.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आधीच्या ट्रेनरने चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घालून, गुरगुरला की झटका द्यायचा, असं शिकवलं होतं. झटक्याने गुरगुर गेली, भीती तिथेच राहिली. वर घरच्यांना 'तुम्ही त्याचे अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके, व्हा' हा सल्ला. हे अल्फा प्रकरण 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून निघालं. ते लोकांपर्यंत पोचवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. त्यालाही आता पंचवीस वर्षं उलटून गेली, तरी चेन विकल्या जातात आणि झटके दिले जातात. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत कुत्रा भरतो.

पट्टा हातात घेण्याआधी मी काळूला पशुवैद्यांकडे पाठवलं. कान, दात, थायरॉइड, सांधे, सगळं बघायला सांगितलं. मागच्या डाव्या खुब्यात संधिवात निघाला. मग चाव्यांची यादी पुन्हा वाचली : सोफ्यावरून ढकलून उतरवताना, मागून कुरवाळताना, टॉवेलने पुसताना. प्रत्येक वेळी हात कमरेच्या आसपास. वेदनेचं औषध सुरू झाल्यावरच शिकवणं सुरू केलं. दुखणाऱ्या कुत्र्याला शिस्त लावत बसणं व्यर्थ आहे.

चावा किती खोल, हेही आधी बघायचं. पशुवैद्य आणि श्वान-वर्तनतज्ज्ञ इयन डनबार यांची चाव्याची सहा पातळ्यांची मोजपट्टी आम्ही वापरतो. दात लागले पण रुतले नाहीत तर दोन. एकाच चाव्यात एक ते चार भोकं, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ, तर तीन. काळू दोन आणि तीनच्या मध्ये होता, म्हणजे जबडा आवरत होता. चार किंवा त्यापुढे असता तर कुटुंबाशी माझं बोलणं फार वेगळं झालं असतं. आणि पातळी कुठलीही असो, कातडी फाटली की साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजसाठी डॉक्टर गाठायचा. घरचा कुत्रा आहे म्हणून यात सूट नाही.

मझल (कुत्र्याच्या तोंडाला बांधायचं मुसकं) जाळीचंच हवं, तोंड आत उघडता येईल, धापा टाकता येतील, पाणी पिता येईल असं. कापडी नळीने तोंड बंद राहतं आणि उकाड्यात कुत्र्याचं अंग तापतं. मझल कधीही जबरदस्तीने चढवायचं नाही. आत मऊ खाणं लावायचं आणि कुत्र्याने स्वतः नाक घालायचं. नाक आपणहून आत टिकायला लागलं की पट्टा लावायचा, आधी दोन-तीन सेकंद, मग वाढवत. पंजाने ओढायला लागला तर घाई झाली, मागच्या पायरीवर या.

मुख्य काम माणूस जवळ येण्याचं. काळू चटईवर, हार्नेसला दोन मीटरचा पट्टा. घरातला एक जण पाच मीटरवर दिसतो, काळू त्याच्याकडे बघतो, लगेच उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. माणूस आडोशाला गेला की खाणं बंद. तीन ते पाच मिनिटं, मग विश्रांती. क्रम उलटा झाला तर सगळं फसतं : आधी खाणं आणि मग माणूस आला, तर खाणंच धोक्याची वर्दी होऊन बसतं. या घरात नेमकं तेच होत होतं. खिशातली प्लास्टिकची पिशवी आधी चुरचुरायची आणि काळू त्या आवाजालाच ताठ व्हायचा. पिशवीऐवजी डबा घेतला, हात पाठीमागे ठेवायला लावले, आणि प्रगती दिसू लागली.

अंतर दीड मीटरपर्यंत आलं, त्या दिवशी मोठा मुलगा एक पाऊल जास्त पुढे आला आणि काळू गुरगुरला. खोल, लांब, स्पष्ट. मी मुलाला जागीच थांबवलं, अंग तिरकं करून सावकाश मागे यायला सांगितलं. काळूने श्वास सोडला, मान फिरवली.

"सर, बिघडला ना हा परत?" आईंचा चेहरा उतरला होता.

"नाही ताई, आज तो पहिल्यांदा बोलला."

कितीतरी दिवसांनी कामावर मला इतका आनंद झाला होता. पुढची फेरी तीन मीटरवरून घेतली. गुरगुर म्हणजे अंतर चुकलं, एवढाच अर्थ घ्यायचा; रागवायचं नाही, कुरवाळायचंही नाही.

मात्र वडिलांनी विचारलं, "पाहुण्यांसमोर असा गुरगुरला तर लोक काय म्हणतील?" हा प्रश्न मला पुन्हापुन्हा आठवतो. लोकांना शांत कुत्रा म्हणजे आवाज न करणारा कुत्रा हवा असतो. मी त्यांना सांगितलं की पाहुणे आले की काळू दाराआड, चघळायला काहीतरी देऊन. दाराची घंटा, अनोळखी माणसं आणि लहान मुलांचा गलका हे एकामागून एक आलं तर चांगला कुत्राही सहन करू शकत नाही. त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही, सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. समोरून येणाऱ्या माणसाला काळू आता आवाज देतो. मागून, खुब्याच्या बाजूने हात आला तर तो आजही फक्त ताठ होतो, आवाज येत नाही. तिथलं काम पुन्हा पहिल्यापासून आहे : आधी हात नुसता दिसायचा, मग खांद्याला एक सेकंद स्पर्श आणि खाणं, मग बोटभर मागे. खुब्यापर्यंत पोचेस्तोवर मझल आणि दारातलं फाटक, दोन्ही राहणार. घरच्यांना ते फाटक काढायची घाई झाली आहे. मी नाही म्हटलं आहे.