सरांची छत्री

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि मला आधी सरांची छत्री आठवली. भूगोलाचे सर म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

आम्ही आठवीत होतो. भर जुलैत सर आम्हाला एस.टी.ने अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत घेऊन गेले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली वेधशाळा इथे आली, हे त्यांनी गाडीतच सांगितलं होतं. फाटकाशी घड्याळं, किल्ल्या, पट्टे, सगळं काढून ठेवायला सांगितलं. सरांनी हातातल्या छत्रीकडे पाहिलं. काड्या लोखंडाच्या. त्यांनी ती मिटून भिंतीला टेकवली, वहाणांना खिळे होते म्हणून त्याही काढल्या, आणि तशा पावसात अनवाणी निघाले. आत पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला.

"सर, एवढ्याशा काडीनं काय होणारे?" मी विचारलं.

"अरे, तुला नाही कळत. सुईला कळतं."

या एका वाक्याने मला पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेपर्यंत नेलं. घाटातल्या काळ्या दगडात अडकलेलं चुंबकत्व मोजण्यात माझी तीस वर्षं गेली. लाव्हा निवताना त्यातले लोहखनिजाचे कण तेव्हाच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरून ठेवतात. आपल्या सह्याद्रीचे कितीतरी थर उलटे निघतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे होकायंत्र धरलं असतं तर उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं! आणि ही भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होती. नमुन्याची दिशा घेताना मी मुलांना आजही हातोडे लांब ठेवायला लावतो. २ सप्टेंबर १८५९ चं मोठं चुंबकीय वादळ, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीच्या चुंबकत्वात उडालेली खळबळ, कुलाब्यात माणसांनी डोळ्यांनी वाचून टिपलं. ते आकडे आज जगभरचे लोक वापरतात. परदेशातल्या परिषदेत त्यावर बोललो तेव्हाही डोळ्यांपुढे भिंतीला टेकलेली ती छत्रीच होती.

शाळेमागचा कातळ नव्या सभागृहासाठी फोडला, असं कळलं. सभागृह हवंच होतं, तरी जीव हळहळला. त्या कातळाचा नमुना काढायचा आणि त्यातली उत्तर कुठे आहे ते सरांना दाखवायचं, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून होतो. दर मे महिन्यात गावी यायचो आणि पुढच्या खेपेला करू म्हणायचो. सर गेले तेव्हा मी घाटातच होतो, दोन दिवसांनी निरोप मिळाला.