बेसिल शेवटी फुलवाल्याकडे मिळालं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भुसावळला एका लग्नाच्या आदल्या दिवशीचं संगीत होतं, साडेतीनशे पानांची ऑर्डर. आमचा केटरिंगचा धंदा वडिलांपासूनचा, वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, भरीत पार्ट्या, हे सगळं हातावरचं काम, पण हल्ली मेनू लिहायला बसलं की पार्टी म्हणते ते तर असतंच हो, नवीन काय देता? तर या नवीनच्या नादात मी नवरीच्या काकांना थाई ग्रीन करीचा लाइव्ह काउंटर कबूल करून बसलो. प्युअर व्हेज, ऐंशी-नव्वद लोक खातील असा अंदाज. त्यासाठी नाशिकहून एक शेफ पोरगा दोन हजार जास्त देऊन बोलावला आणि पाला एका मोठ्या शहरातल्या सप्लायरला सांगितला. थाई बेसिल म्हणजे तिकडची तुळशीच्या कुळातली पानं, लेमनग्रास, आल्यासारखा कंद असतो ते गलंगल आणि ती मखरूट लिंबाची पानं. पैसे आधीच घेतले त्याने.

पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलं, सकाळी पावणेसहाला मी स्टँडसमोर उभा. थर्माकोलचा बॉक्स हलवला तर आत पाणी डचमळतंय. उघडला तर वरून बर्फाच्या पिशव्या फुटलेल्या आणि खाली बेसिल पूर्ण काळं, म्हणजे करपल्यासारखं काळं, हातात घेतलं तर शेवाळासारखं लिबलिबीत. कोथिंबीर-मेथी गार राहिली की टिकते म्हणून सगळे पाल्याला बर्फ लावतात, पण बेसिलला थंडी अजिबात चालत नाही, दहा-बारा डिग्रीच्या खाली गेलं की पानं काळी पडतात, आणि त्याने तर डायरेक्ट बर्फावरच झोपवलं होतं. गलंगल नव्हतंच. मखरूटची पानं पण नव्हती. लेमनग्रासच्या दोन वाळक्या जुड्या, आणि बदल्यात काय टाकलं होतं तर पार्सली! फोन केला तर म्हणे सर आमच्याकडून फ्रेशच निघालं होतं. पैसे आजपर्यंत परत आले नाहीत, जाऊ द्या.

शेफला फोन लावला, तो अजून मनमाडलाच होता. म्हणाला बेसिल नसेल तर मी ग्रीन करी करणार नाही, रेडिमेड पेस्टचा डबा तर अजिबात वापरणार नाही, माझं नाव खराब होतं. चोवीस वर्षांचा पोरगा. पण खरं सांगू का, त्याचा हेका मला आवडला पण.

पहिली आयडिया सगळ्यांना येते तीच मला आली, तुळस. अंगणात झाड आहेच, थोडी पानं घेतली आणि नारळाच्या दुधात टाकून चव बघितली, अगदी काढा. सर्दी झाल्यावर आई देते तो. त्यात आमच्या भटारखान्यातल्या मावशी मागे उभ्या होत्या, त्यांनी बघितलं आणि सुरू झाल्या, "व माय, तुळशीचं पान निवदावर ठेवता बापा, लसणाच्या वाटणात कोन टाकते? पाप लागीन." थायलंडमध्ये तुळशीचाच एक प्रकार मिरची-लसणात परततात हे मला शेफने नंतर सांगितलं, पण मावशींना ते सांगायची आपली हिंमत नाही, आणि चव पण जमत नव्हतीच. तुळस कॅन्सल.

मग एकेक वस्तू घेऊन बसलो. गवती चहा म्हणजेच लेमनग्रास, एवढं माहीत होतं. गडबड अशी की आपण वरची पात कापतो आणि चहात टाकतो, यांना लागतो तो खालचा जाड पांढरा बुंधा, जो आपल्याकडे बाजारात येतच नाही कारण तो जमिनीतच राहतो. गाडी काढली, तापीचा पूल ओलांडून फैजपूरच्या अलीकडे मामाच्या शेतात गेलो. तिथे मोटारीच्या हौदापाशी गवती चहाचा हा एवढा मोठा थोंब, सांडपाण्यावर वाढलेला, भर मे महिन्यात हिरवागार. पंचेचाळीस डिग्रीत आजूबाजूला केळीच्या बागांना उन्हाळी वाऱ्यापासून वाचवायला शेवरीची आड लावलेली आणि ती पण पिवळी पडलेली, आणि हा थोंब मजेत. कुदळीने निम्मा उकरला. मामी ओरडली, अरे पात ने ना, मुळासकट कशाला नेतो? तिला म्हटलं लग्नात लागतं. त्याच्या पातीला धार असते, दोन बोटं चिरली, संध्याकाळपर्यंत लिंबू लागलं की चरचरत होतं. बांधावर कागदी लिंबाचं झाड होतं, त्याची कोवळी पोपटी पानं एक पिशवी भरून घेतली.

गलंगल काष्टौषधीच्या दुकानात मिळालं! कुलिंजन म्हणतात ते. वाळलेलं असतं, लाकडासारखं कडक, पण जात तीच. हे मला एका गाणाऱ्या मित्रामुळे माहीत, तो घशासाठी तुकडा दाढेत धरतो. दुकानदाराने विचारलं, घसा बसला का भो? म्हटलं संध्याकाळी संगीत आहे. म्हणे मग बरोबर आहे, पाव किलो पुरेल का?

धुऊन कोमट पाण्यात भिजत घातलं. मावशींना सांगून ठेवलं की आज कोथिंबिरीची मुळं फेकायची नाहीत. पेस्टमध्ये हीच मुळं लागतात, आणि आपण रोज ती तोडून कचऱ्यात टाकतो. मोठ्या शहरात मुळासकट कोथिंबीर मिळावी म्हणून शेफ लोक भाजीवाल्याच्या मागे लागतात असं शेफ म्हणाला, आमच्याकडे पाटीभर मुळं कोपऱ्यात पडलेली असतात, नुसती माती घासून धुवायची. त्यांची हिरवी वांगी म्हणाल तर आपल्याकडची छोटी काटेरी हिरवी वांगी घेतली, वांग्यासाठी खान्देशाने कोणापुढे हात पसरायची गरज नाही.

राहिलं बेसिल. अकरा वाजत आले होते. वेलकम काउंटरवर वाटायचे मोगऱ्याचे गजरे घ्यायला फुलबाजारात गेलो, डोक्यात तेच चालू, आणि फुलवाले चाचा फुलांवर पाणी मारत होते तर एकदम वास आला. मोगऱ्याचा नाही, गुलाबाचा नाही. बडीशेपेसारखा गोड, मागून लवंगेची झाक. खाली बघितलं तर ओल्या गोणपाटावर हिरव्या पानांच्या छोट्या जुड्या, निमुळती पानं, जांभळट देठ, वर तुरे. मी एक पान चुरडून नाकाला लावलं आणि चाचांना विचारलं हे काय? ते म्हणाले, "सब्जा है भाऊ, चादरसोबत देतो, दर्ग्यात." सब्जा! म्हणजे ज्याचं बी आपण उन्हाळ्यात भिजवून सरबतात टाकतो, फालुद्यात टाकतो, ते बेसिलचंच बी आहे, हे कुठेतरी वाचलेलं होतं मी, पण बी किराणावाल्याकडे आणि पाला फुलवाल्याकडे, मध्ये दोघांची गाठ डोक्यात कधी पडलीच नव्हती.

मी म्हटलं सगळ्या जुड्या द्या. चाचांनी विचारलं कशाला, सांगितलं तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले हे खायचं नाही, फुलांच्या मालावर काय काय फवारलेलं असतं, पोरंबाळं खातील. धंदा बुडवून खरं बोलणारा माणूस. मग स्वतःच म्हणाले माझ्या घरी चला, गच्चीवर तेलाच्या डब्यांत लावलाय, त्याच्यावर काही मारलेलं नाही. गेलो. बारा-चौदा डबे, चाचींनी कात्रीने शेंडे कापून दिले, तुरे बाजूला काढून, साधारण अर्धा किलो पाला झाला असेल. पैसे घेतले नाहीत, जेवायला येतो म्हणाले. येताना फ्रिजची चूक केली नाही, बादलीत थोडं पाणी घालून देठ बुडवून उभा ठेवला आणि वरून ओलं फडकं, फुलवाले ठेवतात तसाच.

दुपारी शेफ आला. मी काही बोललो नाही, फक्त जुडी हातात दिली. त्याने वास घेतला, चावून बघितलं, परत वास घेतला. म्हणाला थाई बेसिल थोडं जाड पानाचं असतं आणि शिजवल्यावर जास्त टिकतं, हे नाजूक आहे, गॅस बंद केल्यावर टाकू. बस, पास. लिंबाच्या पानांवर मात्र त्याने नाक मुरडलं. मखरूटचं पान दोन पानं एकाला एक जोडल्यासारखं असतं आणि त्याचा वास एकदम वेगळा, कागदी लिंबाच्या पानाला तो नाही. मग शिरा काढून पानं बारीक चिरली, वरून लिंबाची हिरवी साल किसून घातली, पांढरं लागू न देता कारण ते कडू. तरी रुपयात दहा आणेच जमलं, हे मी मान्य करतो. ती पानं आपल्याकडे मला आजपर्यंत सापडलेली नाहीत.

आता वाटण. नव्वद लोकांचं वाटण मिक्सरला लावलं तर भांडं गरम होऊन रंग काळपट पडतो, शेफला खलबत्ता पाहिजे होता आणि एवढा मोठा खल आणायचा कुठून? मावशींनी भरीताची बडगी पुढे ढकलली. लाकडाची, दहा-बारा किलो वांगी एका वेळी ठेचली जातात तिच्यात. मी म्हटलं तिला लसूण-मिरचीचा वास मुरलाय, शेफ म्हणाला यात पण लसूण-मिरचीच आहे. आधी भिजवलेलं कुलिंजन आणि मीठ, मग गवती चहाचा बुंधा, मग कोथिंबिरीची मुळं, लसूण, कांदा, धणे-जिरे, शेवटी हिरवी मिरची. मावशी आणि अजून दोघी आळीपाळीने ठेचत होत्या, दीड तास, आणि सगळ्या मंडपात असा वास सुटला की डेकोरेशनवाला शिडीवरून उतरून बघायला आला. नारळाच्या दुधाची घट्ट साय तापवून तिच्यात वाटण परतायचं, तेल सुटेपर्यंत. डब्यातल्या दुधाला तेल सुटेना, शेफ वैतागला, मावशींनी पळीभर तेल सोडलं आणि म्हणाल्या, "आता सुटलं पाय." तो हसायलाच लागला.

काकांना मी आधीच बाजूला घेऊन सांगितलं, बाहेरून माल खराब आला, पाला इथलाच वापरलाय. ते म्हणाले बोर्डावर थाई लिहिलंय ना? मग झालं. आठ वाजता काउंटर सुरू केला, साडेनऊला पातेलं खरवडलं. जस्मिन राइस उरला, कारण निम्म्या लोकांनी ती करी भरीताच्या काउंटरवरून कळण्याच्या पुऱ्या आणून त्याच्याशी खाल्ली. एका आजींनी वाटी परत आणून विचारलं, ही हिरवी कढी फोडणी न देता केली का? नवरीचा भाऊ बँकॉकला जाऊन आलेला, त्याने बेसिल कुठून मागवलं विचारलं, मी म्हटलं लोकल आहे. चाचा नऊला आले, त्यांनी करी घेतलीच नाही, भरीत खाल्लं.

चाचींनी नंतर दोन रोपं दिली. भटारखान्याच्या मागे नळापाशी लावली, छान फुटली पण होती. पण जूनमध्ये पाठोपाठ ऑर्डरी, शेंडे खुडायचं राहून गेलं, सगळ्याला तुरे आले आणि पानं कडवट झाली. आता मावशी ते तुरे वाळवून कागदावर चोळतायत, वाटीभर बी निघालंय. निम्मं परत पेरायचं म्हणतोय मी, त्या म्हणतात सरबतात टाकू.