तुपाच्या मुलखात तुपाशिवाय नानकटाई

सातारा म्हटलं की कंदी पेढा, भिलवडी म्हटलं की चितळ्यांचं दूध. अशा पट्ट्यात "आमच्या नातवाला दूध चालत नाही" असं सांगितलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "अहो, मग तुपाची नानकटाई द्या की, तूप म्हणजे दूध थोडंच!" म्हणून आधी हे निस्तरू, मग परातीकडे वळू.

दूध न चालण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. पहिल्या प्रकारात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. पोट फुगतं, गॅस होतो, जुलाब होतात. नीट कढवलेल्या तुपात लॅक्टोज जवळपास उरत नाही, त्यामुळे अशा माणसाला तूप बहुधा सोसतं. दुसरा प्रकार दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासही अडकू शकतो. इथे तुपात राहिलेला बेरीचा अंशसुद्धा नको. काही मुलांना भट्टीत भाजलेल्या पदार्थातलं दूध चालतं हे खरं, पण ते डॉक्टरांसमोर तपासायचं. दिवाळीच्या फराळावर हा प्रयोग करायचा नाही. खालची सगळी मापं दुसऱ्या प्रकाराला धरून आहेत, म्हणजे ती पहिल्यालाही चालतील.

आता तुपाबद्दल. त्याच्या जागी काय घालायचं हे नंतर, ते तिथे कोणतं काम करत होतं हे आधी. तुपात पाणी जवळजवळ नसतं. लोण्या-बटरमध्ये मात्र साधारण ८० टक्के स्निग्ध आणि उरलेलं बहुतेक पाणी असतं. पाणी मैद्याला लागलं की चिकटपणा तयार होतो आणि नानकटाई खुसखुशीत होण्याऐवजी टणक होते. दुसरं काम, घट्ट तूप फेसलं की त्यात हवा धरून राहते. तिसरं काम वासाचं. साधं तेल यातलं पहिलं काम करतं, दुसरं करत नाही. म्हणूनच नुसत्या तेलाची नानकटाई चपटी होते आणि बोटांना तेलकट लागते.

घट्ट राहणारे, दूध नसलेले पर्याय आपल्याकडे दोन. वनस्पती तूप हा सगळ्यात सोपा. बेकऱ्या वर्षानुवर्षं तेच वापरतात, कारण ते दुपारच्या उन्हातही घट्ट राहतं आणि फेसायला उत्तम. जानेवारी २०२२ पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी पुड्यावरचा मजकूर वाचावा. आमचा आक्षेप चवीला आहे. ते टाळूला चिकटून राहतं, चहाच्या घोटानेही जात नाही.

दुसरा पर्याय खोबरेल. देशावर खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचं, त्यामुळे घरात थोडी कुजबुज होणार हे धरूनच चाला. बाटलीवर खाद्यतेल असं लिहिलेलं हवं आणि सुगंधी केशतेल तर चुकूनही नको. घाण्याच्या तेलाला खोबऱ्याचा वास येतो, रिफाइंडला येत नाही. अडचण एकच, खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. सांगली-मिरजेला दिवाळीच्या पहाटे ते बाटलीत दगड असतं आणि दुपारी पाणी. म्हणून हे काम सकाळी उरकायचं, किंवा परातीखाली गार पाण्याचं भांडं ठेवायचं.

घरोघरच्या जुन्या वह्यांत नानकटाईचं माप "तूप फेसावे, मावेल तेवढा मैदा घालावा" एवढंच असतं. तुपाला ते चालत होतं, कारण आजीच्या तळव्याला तूप ओळखीचं होतं. खोबरेलाचं तंत्र वेगळं, त्यामुळे वजनकाटा घ्या.

मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, घट्ट खोबरेल ९० ग्रॅम, सूर्यफूल किंवा सरकी तेल १ मोठा चमचा (१५ मिली), बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ दोन चिमटी, वेलदोडा पूड अर्धा छोटा चमचा आणि थोडं जायफळ. एवढ्यात साधारण २४ नग होतात. पातळ तेल घालायचं कारण हे की नुसत्या खोबरेलाची नानकटाई थंडीत खडखडीत लागते, थोड्या तेलाने तिचा चावा मऊ राहतो. शेंगतेल इथे टाळा, भाजल्यावर त्याचा वास वर येतो.

बेसन मंद आचेवर कोरडंच चार-पाच मिनिटं भाजा, खमंग वास सुटला की ताटात पसरून पूर्ण गार करा. तुपाच्या वासाची जागा इथे हे बेसन आणि जायफळ घेतात, त्यामुळे ही पायरी गाळू नका. साखर घरी मिक्सरला फिरवली असेल तर तीही गार होऊ द्या. कोमट पिठीसाखर पडली की खोबरेल लगेच पाझरतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

परातीत खोबरेल घ्या आणि तळव्याच्या टाचेने पुढे-मागे घासत फेसा. सुरुवातीला त्याचे खडे पायाखालच्या वाळूसारखे सरकतात. दोनेक मिनिटांनी ते अर्धपारदर्शक मलमासारखं होतं, आणखी चार-पाच मिनिटांत पांढरंशुभ्र, हलकं. याच टप्प्याला साखर घालायची आणि पुन्हा तीन मिनिटं फेसायचं. मध्येच कडेला चकचकीत तेल दिसू लागलं तर हाताच्या उबेने ते वितळतंय. परात पाच मिनिटं फ्रिजमध्ये सरकवा आणि पुन्हा सुरू करा. मग पातळ तेल. शेवटी बेकिंग पावडर आणि मीठ घालून दोनदा चाळलेली पिठं, रवा आणि वेलदोडा-जायफळ घालून बोटांच्या टोकांनी गोळा करा. मळायचं नाही. गोळा भेगाळतोय म्हणून पाण्याचा हात लावायचा मोह होतो, तो आवरा. चिमूटभर मुठीत दाबून गोळी टिकली की झालं. नसेल टिकत तर एक छोटा चमचा तेल.

१८ ग्रॅमच्या गोळ्या, दीड सेंटिमीटर जाडीच्या, १५ मिनिटं फ्रिजमध्ये. तासभर ठेवल्या तर पसरतच नाहीत, लाडूसारख्या गोल राहतात. ओव्हन १० मिनिटं तापवून १६० अंशांवर, मधल्या कप्प्यात, १८ ते २० मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत सेंटिमीटरभर मीठ पसरा, वर रिंग ठेवा, झाकून १० मिनिटं तापवा, मग ताटली ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. एका वेळी सहा-सातच मावतात.

रंगाची वाट पाहू नका. दुधातली प्रथिनं आणि लॅक्टोज भाजताना तांबूस होतात, ती इथे नाहीतच, त्यामुळे वरून नानकटाई फिकीच दिसणार. रंग येईना म्हणून आणखी आठ मिनिटं ठेवली की ती कोरडी पडते. एक उलटून बघायची, खालची कड सोनेरी झाली की ट्रे बाहेर. गरम असताना ती मऊच असते आणि उचलली तर तुटते. ट्रेवरच २० मिनिटं गार होऊ द्या.

फिका रंग बघून सांगलीकराचा हात हळदीच्या डब्याकडे जाणारच. घाला, पाव छोटा चमचा पुरे. पण मग त्यात खायचा सोडा नको. हळद अल्कधर्मी सोड्याला भेटली की लाल होते, पारंपरिक कुंकू हळदीपासून करतात तेही याच गुणावर. पिवळ्या नानकटाईवर विटकरी ठिपके उठतात आणि घरच्यांना वाटतं काहीतरी नासलं. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल असतंच, म्हणून तिने सहसा असं होत नाही.

बाकीचं बिघडणं थोडक्यात: ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटल्या तर स्निग्ध वितळलं होतं किंवा ट्रे आधीच्या घाण्याचा गरम होता. भेगा पडल्या नाहीत तर पीठ मळलं गेलं, किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. साबणासारखी चव म्हणजे बेकिंग पावडर जास्त. हातात घेताच भुगा होत असेल तर रवा जाड होता किंवा फेसणं अर्धवट राहिलं.

भट्टीवर भाजून आणायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. घरचं सामान घेऊन जायचं, बेकरीवाला पीठ मळून भाजून देतो, डबा डोक्यावर घेऊन परत. चव उत्तम येते, पण ॲलर्जी असेल तर तिथे खरी जोखीम. आधीच्या घाण्यातलं तूप किंवा मार्जरिन मिक्सरच्या पात्याला, ट्रेला, ब्रशला लागलेलं असतं. पीठ घरी करून न्या, ट्रेवर आपला बटर पेपर अंथरा (नावात बटर आहे, कागदात नाही), आणि पहिला घाणा आपला लावायला सांगा. चहाबरोबरचं बटर, खारी, टोस्ट कशात केलेत ते मूळ खोका बघूनच ठरवा. मार्जरिनमध्येही दुधाचे घटक असू शकतात. पुड्यावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट, बटर ऑइल हे शब्द शोधा. हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, दूधविरहित नव्हे.

नाताळचा केक त्यामानाने सोपा, कारण त्यात हवा फेसायचीच नाही. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेसांचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, त्यामुळे डिसेंबरात केकचा वास तिथल्या गल्ल्यांना नवा नाही. आणि बेदाणा तर घरचाच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा असताना बाहेरची मनुका कशाला?

बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये वाळवतात. म्हणून १५० ग्रॅम बेदाणा आधी कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, मग १०० मिली संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा. सकाळी गाळून रस वेगळा ठेवा.

६० ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच वितळवा. आधी मधासारखी, मग तांबूस, मग कोऱ्या चहासारखी. कडेला धुराची पहिली रेघ दिसली की गॅस बंद, आणि हात लांब धरून ८० मिली उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर ती अंगावर उडते. लवकर थांबलात तर केक नुसता गोड, अर्धा मिनिट उशीर केलात तर कडू. हे गार झालं की गाळलेल्या रसात ओता आणि एकूण द्रव २२० मिली होईल इतकं पाणी घाला. बेदाणा दर वेळी वेगवेगळा रस पितो, म्हणून हे मोजणं महत्त्वाचं.

त्यात १२० ग्रॅम साखर विरघळवा, ८० मिली सूर्यफूल तेल घाला. २०० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि दोन लवंगांची पूड एकत्र चाळा. यातला एक चमचा मैदा बेदाण्याला आणि ५० ग्रॅम काजूच्या तुकड्यांना चोळा, नाहीतर सगळं तळाला बसतं. ओलं-कोरडं एकत्र करून गुठळ्या मोडेपर्यंतच हलवा. शेवटी एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर, मग फळं, आणि लगेच सात इंची डब्यात. व्हिनेगर पडल्या क्षणी फसफस सुरू होते. मिश्रण तसंच ठेवून फोनवर बोलत बसलात तर तो वायू निघून जातो आणि केक बसका होतो. १६५ अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. सुरी कोरडी आली की डबा बाहेर, १५ मिनिटांनी उलटा.

त्याच दिवशी कापू नका, चुरा पडतो. सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात एक रात्र ठेवा. तेल थंडीत गोठत नाही, त्यामुळे बटरच्या केकसारखा हा सकाळी कडक होत नाही, बेदाण्याचा ओलावा आतपर्यंत उतरतो आणि धारदार सुरीने बोटभर जाडीच्या सरळ फोडी निघतात.