इसार घेतला, घोडी दिली नाही

घोडी बघायला गेल्यावर आमच्याकडची माणसं आधी चाल बघतात, मग दात, मग अंगावरच्या केसांचे भोवरे. मी हल्ली त्याच्याही आधी घरात कोण कोण आहे ते बघतो. कॉलेजात जाणारं पोरगं आहे का? भाऊ एकत्र आहे की वेगळा निघालाय? ओट्यावर बसलेली म्हातारी घोडीला नावानं हाक मारते का? मारत असेल तर चहा प्यायचा, दोन शब्द चांगले बोलायचे आणि इसाराचे आगाऊ पैसे खिशातच ठेवून पुढच्या गावाला निघायचं.

आम्ही खेड तालुक्यातले. कांदा-बटाटा करतो आणि वडिलांच्या वेळेपासून घाटात गाडा पळवतो. पुणे जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं दोन गाडे शेजारीशेजारी पळवत नाहीत. चढाच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेका गाड्याची बारी होते आणि घड्याळावर सेकंद मोजतात. गाड्याला चार बैल आणि त्यांच्या पुढं स्वार बसलेली घोडी. बैल तिच्या मागं धावतात. ती फार पुढं निघून गेली तर बैलांचं लक्ष सुटतं, रेंगाळली तर जुकाटाच्या, म्हणजे पुढच्या जोडीच्या, बैलांच्या शिंगात येते. दोन्ही अंगांना माणसांची भिंत, हलगी, लाउडस्पीकर, डोक्यावर उधळलेला भंडारा. एवढ्यातून तिनं न बुजता सरळ पळायचं. अशी घोडी ऑर्डर देऊन मिळत नाही, सापडावी लागते.

2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, तेव्हा लोकांनी बैल कमी केले आणि घाटातल्या कितीतरी घोड्या लग्नाच्या वरातीत गेल्या. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी घटनापीठानं शर्यतींना कायमची वाट करून दिली आणि सगळेच एकदम घोडी शोधायला निघाले. शब्द फिरवणारे आधीही असतील. पण भाव जागेवर असला की सगळेच सत्यवचनी असतात. आज ठरवलेला भाव महिन्याभरात कमी वाटायला लागला, की माणसाला घरात म्हातारी आई असल्याची आठवण होते.

मागच्या वर्षीचा माझा व्यवहार. गाव-नाव सांगत नाही. शेजारच्या तालुक्यातला माणूस, ओळखीच्या एजंटनं गाठ घालून दिलेली. घोडी तांबडी, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, वरचे-खालचे सगळे दात आलेले, म्हणजे पाच वर्षांच्या आसपास. मी तिला पळताना नंतर बघितली, आधी बघितली ती उभी. टेम्पोचा हॉर्न वाजला तर कान फिरवले, पाय हलवला नाही. मला तेवढं पुरलं. डोळ्याखाली आसूढाळ हा अशुभ भोवरा नव्हता, गळ्याला देवमण हा शुभ भोवरा होता. भोवऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण उद्या विकायची वेळ आली तर घेणारा बघणारच, म्हणून बघावे लागतात.

भाव करायच्या वेळी एजंटनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातांवर टाकला आणि खाली बोटं दाबायला सुरुवात केली. अंगणात आम्ही तिघंच. लपवायचं कुणापासून होतं देव जाणे, कोंबड्यांपासून असेल. 1,80,000 वर टाळी पडली. 11,000 इसार मी तिथंच फोनवरून टाकला. देवघरातून भंडारा आला, माझ्या कपाळाला लागला, घोडीच्याही लागला. बाकीचे पैसे घोडी गाडीत चढवताना द्यायचे ठरलं.

मालक म्हणाला, "आमच्या गावची यात्रा चैत्रात हाय. तेवढी एक बारी घरच्या घोडीवर होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी या आन् घेऊन जा." मी हो म्हणालो आणि आजही म्हणेन. गावच्या यात्रेला आपली घोडी पळावी असं कुणाला वाटत नाही? शिवाय ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त दिलेलं होतं, त्याचा रिपोर्ट यायचा होता. हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह निघालेलं जनावर ठेवता येत नाही, त्यामुळे रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी दुसऱ्याची घोडी आमच्या गोठ्यात आणत नाही. म्हणजे मधले दिवस जाणारच होते.

यात्रेत ती ज्या गाड्यापुढं पळाली तो गाडा साडेअकरा सेकंदांच्या आत आला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मला सहा जणांनी पाठवला. सगळ्यांनी खाली लिहिलं होतं, "तुमची घोडी!" तीन हसरी तोंडं, एक आग.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअपवाल्याला घेऊन निघायच्या बेतात असताना फोन वाजला. बँकेचा मेसेज, 11,000 जमा. पाठोपाठ त्याचा फोन.

"पाव्हणं, पोचलं का पैसं?"

"कसले?"

"इसाराचं. घरात लई वांधं झाल्यात ओ. म्हातारी चार दिस झालं जेवली न्हाई."

यात्रा काल झाली. म्हातारी चार दिवसांपासून उपाशी. मी म्हणालो, "काल मंडपात पुरणपोळी वाढताना दिसल्या की व्हिडिओत." तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मग "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवला.

मी ते 11,000 त्याला परत पाठवले. त्यानं मला परत पाठवले. मी पुन्हा त्याला. दुपारपर्यंत त्या अकरा हजारांनी आमच्या दोघांच्या खात्यांत जेवढ्या बाऱ्या मारल्या तेवढ्या घोडीनं अख्ख्या हंगामात मारल्या नसतील. शेवटी बायको म्हणाली, एखाद्या वेळी चुकून तिसऱ्यालाच जातील, तेव्हा थांबलो.

वडिलांच्या वेळी इसार रोख असायचा. परत करायचा तर माणसाला आपल्या दारात यावं लागायचं, मान खाली घालून पैसे पुढं करावे लागायचे, आणि आपले चार लोक समोर असायचे. त्या लाजेपायी निम्मे व्यवहार टिकायचे. आता अंगठा दाबला की पैसे परत, आणि परत केले म्हणजे आपण मोकळे असं माणसाला मनापासून वाटतं. घेणाऱ्यानं पाठ फिरवली तर त्याचा इसार बुडतो, हे सगळ्यांना मान्य. विकणाऱ्यानं पाठ फिरवली तर त्याचं काय बुडतं? काही नाही. घेतले तेवढेच द्यायचे. पिकअपचा ॲडव्हान्स, घोडीसाठी बांधलेला गोठ्याचा कप्पा, आणि ही ठरली म्हणून सोडून दिलेली दुसरी घोडी, हे सगळं घेणाऱ्याच्या बोडक्यावर.

माझा मावसभाऊ राजगुरुनगरला वकिली करतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, घोडी कायद्यानं वस्तूच, 1930 चा वस्तू विक्री कायदा लागतो, तोंडी व्यवहारही चालतो, कागद नसला म्हणून करार नाही असं होत नाही. कलम 20 तर मला फारच आवडलं: ठरावीक वस्तू, द्यायला तयार असलेली, विनाअट करार, तर करार झाला त्या क्षणी मालकी घेणाऱ्याची, मग पैसे आणि ताबा पुढच्या तारखेला असला तरी. म्हणजे त्या यात्रेत माझीच घोडी पळाली की काय! मी उड्या मारायला लागलो. तो म्हणाला, बस खाली. रिपोर्ट आल्यावर नेतो असं तू म्हणाला होतास ना? मग ती अट झाली, तिथं वाद घालायला जागा आहे. आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत घोडी अडवून ठेवायचा हक्क त्याला आहेच.

नुकसानभरपाई मात्र मागता येते, कलम 57. साधारण हिशेब ठरलेला भाव आणि मोडलं त्या दिवसाचा बाजारभाव यांतल्या फरकाचा. आता पळणाऱ्या घोडीचा बाजारभाव कोण सांगणार? ती काय कांदा आहे का, चाकणच्या बोर्डावर दर लागायला? पण यात एक मजा आहे. त्यानं शब्द मोडला तो कुणीतरी 2,60,000 देऊ केले म्हणून. ज्या आकड्यापायी तो फिरला तोच आकडा माझा पुरावा. दावा लावायला 3 वर्षांची मुदत असते. मी लावला नाही. ऐंशी हजारांसाठी तारखा मोजण्यापेक्षा मी कांद्याला पाणी देईन. पोलीस स्टेशनला जाण्यातही अर्थ नव्हता, "हे दिवाणी आहे" हे वाक्य तिथं तयार असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

मी गेलो एजंटकडं. हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. विकणाऱ्याला तुम्ही परत भेटणार नाही, त्याला तुमची गरज नाही. एजंटला पुढच्या कार्तिकात, मार्गशीर्षात बाजार करायचाय, अकलूजला, सारंगखेड्याला. त्यानं माझ्याकडून दलाली आधीच घेतलेली होती. मी त्याला एवढंच म्हणालो की सारंगखेड्यात मी तुझ्या तंबूत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगणार, चहा माझ्या पैशानं. तिसऱ्या दिवशी मंचरच्या स्टँडजवळ बैठक. मालक आला, सोबत त्याचा धाकटा भाऊ. भाऊच जास्त बोलत होता आणि माझ्याकडं एकदाही बघत नव्हता; टाळी पडली तेव्हा हा घरी नव्हता. इसार परत, वर पिकअपचे आणि रक्ततपासणीचे मिळून पाच हजार. एजंटनं दलाली सोडली. घोडी गेली ती गेली.

सगळ्या माघारींना मी एका मापानं मोजत नाही. एकदा जुन्नरकडची घोडी ठरली होती. रवाना करायच्या आधी मालकानं डॉक्टर आणले, सोनोग्राफीत गाभण निघाली. पोटात काही असलं तरी साधारण पंधरवडा झाल्यावरच मशीनवर दिसतं, त्यामुळे भाव केला तेव्हा त्याला ठाऊक नसणं शक्य होतं. त्यानं स्वतः फोन करून सांगितलं आणि म्हणाला, "घोडी तुमची, पण शिंगरू आम्हाला द्यायचं का, ते बोलून घेऊ." अकरा महिन्यांचं गाभणपण, वर दूध तोडेपर्यंत सहा महिने, तोवर मला ती घाटात उपयोगाची नाही. आम्ही बोललो आणि मीच सोडली. त्यानं इसार घरी आणून दिला, सोबत पिशवीभर हरभरा. याला मी माघार म्हणतच नाही.

आणि घेणारे काय कमी आहेत? व्हिडिओ मागवतात, "फायनल समजा" म्हणतात, मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणतो आणि मग यांचा फोन लागत नाही. माझ्यासमोर एका मालकानं फोनमधले असे आठ-दहा नंबर दाखवले, सगळे एकाच नावानं साठवलेले: "फायनल समजा 1", "फायनल समजा 2".

मोठ्या बाजारात ही भानगड कमी. सारंगखेड्यात तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत पैसे दिले, पावती फाडली, घोडा गाडीत चढवला, संपलं. तरी तिथंही संध्याकाळी ठरवून सकाळी जाल तर दुसराच माणूस खरारा करताना सापडतो. व्यवहार मोडतो तो मधल्या वेळात. तो वेळ जितका कमी करता येईल तितका करायचा, आणि उरला तर कागद करायचा.

मी आता स्टॅम्पवर लिहून घेतो. 2024 च्या ऑक्टोबरपासून शंभरचा बाँड गेला, पाचशेचा घ्यावा लागतो, त्याची कुरकुर दोन्ही बाजू करतात. घोडीचं वर्णन, भोवऱ्यांसकट. मोबाइलमध्ये डाव्या-उजव्या बाजूचा फोटो. भाव, इसार, नेण्याची तारीख. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर इसार पूर्ण परत. मधल्या काळात घोडी घाटात पळवायची की नाही, आणि पळवली तर पाय मोडल्याची जबाबदारी कुणाची. घेणाऱ्यानं मोडलं तर इसार बुडाला, देणाऱ्यानं मोडलं तर दुप्पट परत. इसार अकरा हजार देत नाही, भावाच्या चौथ्या हिश्श्याइतका देतो, म्हणजे दुप्पट या शब्दाला वजन येतं. सही एकट्या मालकाची घेत नाही. भावाची, मोठ्या मुलाची घेतो, आणि त्यांच्या आईसमोर कागद मोठ्यानं वाचतो. गेल्या महिन्यात एका ठिकाणी असा वाचत होतो, "दुप्पट" आलं तसा मालक उठला, म्हणाला, "तुमचा आमच्यावर इस्वास न्हाई, मग कशाला घेता?" चहा तसाच ठेवून मी निघालो. त्याची घोडी आठवड्याच्या आत तिसऱ्याच गावाला गेली, त्याच्या आधी एकाचा इसार घेऊन परत केला होता असं कळलं.

चैत्र जवळ येतोय आणि आमच्या गाड्यापुढं अजून मामेभावाची उसनी घोडी पळते. कुणाकडं विकाऊ असली तर कळवा. बारीचा व्हिडिओ नंतर पाठवा, आधी घरात सगळ्यांना विचारा आणि मग फोन करा.